आमचे तात्या आणि दुसरा भाग

वाईच्या माणसाला शेजारी बसवून सिनेमा बघू नये. तो गोष्ट बघत नाही, घाट बघतो. २००४ साली 'स्वदेस' आला, तेव्हा नासातला शास्त्रज्ञ मायदेशी परतला म्हणून देशभर लोक डोळे पुसत होते. आमच्या आळीत मात्र वाद पेटला होता, की मेणवलीच्या घाटावर मागे जे धुणं वाळताना दिसतं ते कुणाचं. त्याच्या आदल्या वर्षी 'गंगाजल'मध्ये आम्ही बिहारमधले होतो. 'ओंकारा'त उत्तर प्रदेशात गेलो. 'दबंग'मध्ये तिथलंच लालगंज झालो. आणि २०१३ साली 'चेन्नई एक्सप्रेस' आली, तेव्हा रातोरात तमिळ झालो. ज्या गावाला आजतागायत रेल्वे नाही, गाडी धरायची तर वाठार स्टेशन गाठावं लागतं, त्या गावात एक्सप्रेस आली याचं कुणालाच नवल वाटलं नाही. कृष्णामाईनं तर गंगेची इतकी कामं निभावली आहेत की गंगेच्या खात्यावरचं थोडं पुण्य इकडे वळतं करायला हरकत नसावी.

हे वळण आम्हाला सिनेमावाल्यांनी लावलं असं मात्र नाही. विराटनगरी म्हणजे वाईच, असं आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. राजस्थानातही एक विराटनगर आहे आणि त्यांचंही तेच म्हणणं आहे, पण त्यांच्याकडे पांडवगड नाही, तो आमच्या डोक्यावर उभा आहे. आता बघा, विराटाच्या घरी पांडवांनी वर्षभर केलं काय? वेशांतर! भीम आचारी झाला, अर्जुन बृहन्नडा होऊन नाच शिकवू लागला, द्रौपदी सैरंध्री झाली. मेकअप, कपडेपट, खोटी नावं, मुक्काम एक वर्ष. वाईतलं पहिलं शूटिंग ते. तेव्हापासून इथल्या माणसाला, समोर दिसतोय तो खरा कोण आहे हे विचारायची सवय नाही. जेवणाची सुट्टी किती वाजता, एवढंच तो विचारतो.

आमच्या शेजारचे तात्या या परंपरेतले. एसटीत कंडक्टर होते, निवृत्त झाल्यावर गर्दीत उभे राहू लागले. गर्दीत म्हणजे सिनेमातल्या. डोक्याला पटका, अंगात बंडी, दोन दिवसांची पांढरी दाढी, असा ऐवज तयारच असल्यामुळे तात्यांना मागणी चांगली. धोतर नेसून ते बिहारी झाले, गमछा टाकून उत्तर प्रदेशी झाले, लुंगी गुंडाळून दक्षिणी झाले. चेहरा तोच, प्रदेश बदलत गेले. सगळ्या कारकिर्दीत मिळून ते पडद्यावर दीडेक सेकंद आले असतील आणि त्यातलाही निम्मा वेळ पाठमोरे. पण पाठ ओळखू येते. आळीतल्या बाया-पोरांनी थिएटरात "तात्याऽऽ" करून ओरडायचं आणि नायिकेचं रडणं त्यात बुडून जायचं, हे ठरलेलं.

तात्यांचं खास काम म्हणजे 'रिॲक्शन'. हा शब्द त्यांनी सेटवरून घरी आणला आणि नातवंडांवर वापरून गुळगुळीत केला. नायक मारामारी करतो तेव्हा मागे उभं राहून दचकायचं. जीप अंगावर आली की पांगायचं. पोलीस आले की हळूच टोपी काढायची. "सोपं न्हाय ते," तात्या सांगत. "कॅमेऱ्यामागं नुसता एक पोरगा हिरवा बांबू धरून उभा असतोय. आन् आपण म्हणायचं, अरारारा, केवढा ह्यो राक्षस! बांबूला भ्यायला वीस वरसं नोकरी करावी लागती."

हे सगळं अशासाठी सांगितलं, की २०१३ च्या जूनमध्ये 'झपाटलेला २' बघायला मी जी मंडळी घेऊन गेलो, त्यांची योग्यता वाचकांना कळावी.

त्याआधी पहिल्या 'झपाटलेला'चं सांगायला हवं. तो एप्रिल १९९३ मधला. महेश कोठाऱ्यांना नव्या तंत्राची हौस पहिल्यापासून. 'धडाकेबाज' १९९० साली त्यांनी सिनेमास्कोपमध्ये काढला होता. 'झपाटलेला'त बोलका बाहुला आणला. मूळ कल्पना अमेरिकेतली. तिकडे १९८८ मध्ये चकी नावाचा खुनी बाहुला पडद्यावर आला होता. पण रामदास पाध्यांनी घडवलेला बाहुला आणि दिलीप प्रभावळकरांचा आवाज यांनी त्याला अशी काही मराठी वळणाची वाणी दिली की चकी ऐकूनही ज्याला माहीत नाही त्याला तात्या विंचू माहीत असतो. गुंड मरता मरता मंत्र म्हणतो आणि बाहुल्यात शिरतो. मग त्याला माणसाचा देह हवा. तो कुणाचा? लक्ष्याचा, म्हणजे आपल्या लक्ष्मीकांत बेर्ड्यांचा.

तो सिनेमा बघितला तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. मे महिन्याची सुट्टी होती. बावधनची आत्या माहेरपणाला आली होती आणि बरोबर तिची धाकटी होती. धाकटीकडे एक बाहुली होती. गोरी, निळ्या डोळ्यांची, आडवी केली की डोळे मिटणारी. फक्त एक डोळा अर्ध्यावर अडकायचा. इतके दिवस त्याचं कुणाला काही वाटलं नव्हतं. सिनेमा बघून आलो त्या रात्री मात्र गादीवर आडव्या पडलेल्या त्या बाहुलीनं अर्ध्या डोळ्यानं सगळ्या खोलीकडे पाहिलं. ओळीनं झोपलेली आम्ही सात पोरं एकदम उठून बसलो. धाकटीनं स्वतःचीच बाहुली लाथेनं ढकलली. ती कोनाड्याखाली जाऊन पडली आणि तिथूनही बघत राहिली.

आत्या ही बाई साधी नव्हे. तिनं सापाला चिमट्यात धरलेलं मी पाहिलंय. अमावास्येला एकटी रानात जाऊन मोटर चालू करून येणारी. तिनं बाहुली उचलली, झबल्यात गुंडाळली, पत्र्याच्या ट्रंकेत घातली, कडी लावली, ट्रंक माळ्यावर चढवली. एवढ्यानं तिचं समाधान होईना. खाली आली, स्वयंपाकघरातला पाटा उचलला आणि तो नेऊन ट्रंकेवर ठेवला. दगडी पाटा, दोन माणसांनी उचलायचा. तो तिनं एकटीनं शिडीवरून चढवला. भीतीत किती ताकद असते ते त्या रात्री कळलं.

दुसऱ्या दिवशी आईला चटणी वाटायची होती. वरवंटा जागेवर, पाटा नाही. "वन्सं, पाटा?" आत्या म्हणाली, "पाटा न्हाय मिळायचा." आई आठ दिवस शेजारून पाटा मागून आणत होती. नवव्या दिवशी वडील कुरकुरत मिक्सर घेऊन आले. आमच्या घरात यंत्रयुग आलं ते असं, तात्या विंचूच्या कृपेनं. पाटा अजून वर आहे. घराचे पत्रे बदलले, माळ्याच्या फळ्या बदलल्या, पण ट्रंक आणि पाटा जोडीनं हलवायचा आणि जोडीनं परत ठेवायचा, अशी सुताराला ताकीद होती.

एवढं भांडवल पाठीशी असताना वीस वर्षांनी दुसरा भाग येतो म्हटल्यावर आमच्याकडे काय झालं असेल! त्यातून मराठीतला पहिला थ्रीडी सिनेमा म्हणून गाजावाजा झालेला. पडदा सोडून बाहुला अंगावर येणार! ७ जून ही तारीख. मृगाचा दिवस. आत्या म्हणाली, "पेरणी थांबंल दोन दिस." माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची. तिला मी पहिला भाग मुद्दाम घरी दाखवला नव्हता. म्हटलं, हिला कोरी करकरीत भीती मिळू दे. चांगल्या हॉलमध्ये बघायचा म्हणून पुणं ठरलं. तात्यांना न्यावंच लागलं. नावसाधर्म्यामुळे ते स्वतःला निम्मे प्रमुख पाहुणे समजत होते.

प्रवासाचं फार सांगत नाही. सुरूर फाट्याला तात्यांनी कंडक्टरच्या हातातली घंटीची दोरी ओढली, खंबाटकीच्या बोगद्यात आत्यानं हात जोडले, शिरवळला पाऊस लागला. बोगदा ओलांडल्यावर तात्या माझ्या मुलीला म्हणाले, "अंधारात गेलो, उजेडात आलो. झाला तुझा थ्रीडी. तिकीट पडलं का?"

खरी गंमत हॉलच्या दारात सुरू झाली. तिथं काळे चष्मे वाटत होते. थ्रीडी आम्हाला अगदीच नवा नव्हता. 'छोटा चेतन' आम्ही पुठ्ठ्याचा चष्मा लावून पाहिला होता. तो मुळात १९८४ चा मल्याळी सिनेमा, देशातला पहिला थ्रीडी. हिंदीत आमच्यापर्यंत पोहोचेस्तोवर नव्वदचं दशक संपत आलं होतं. पण पुठ्ठ्याच्या चष्म्याला कान दुमडता यायचे. हा प्लास्टिकचा, ताठ. तात्यांचा स्वतःचा दोन भिंगी चष्मा, त्याची एक काडी मोडलेली, म्हणून कानामागून सुतळी फिरवलेली. त्यावर हा दुसरा चष्मा. नाकाच्या शेंड्यावर दोन चष्मे, त्यातला एक घसरला की दुसऱ्याला घेऊन घसरायचा. तात्या हनुवटी वर करून, गळा ताणून, न्हाव्याकडे बसल्यासारखे बसले. लाह्यांच्या पुड्याची किंमत विचारून आले होते. "एवढ्यात वाई-स्वारगेट तिकीट निगतंय," म्हणून रिकाम्या हातानं परतले होते आणि आत्याच्या पिशवीतले शेंगदाणे मांडीवर घेतले होते.

सिनेमा सुरू झाला. आणि पहिल्या दहा मिनिटांत माझ्या लक्षात आलं की आमची रांग काहीतरी शोधतेय.

आत्या जत्रा शोधत होती, कारण गोष्ट जत्रेत घडते. पडद्यावर पाळणे फिरत होते, दिवे लखलखत होते. आत्या बावधनची. बावधनला रंगपंचमीला बगाड असतं. कृष्णेकाठच्या सोनेश्वरापासून ते निघतं, उंच आडव्या शिडाला माणूस टांगलेला, खाली बैलांच्या जोड्यांमागून जोड्या, आजूबाजूला गुलाल आणि 'काशीनाथाचं चांगभलं'चा गजर. त्यातला बगाड्या डोक्यावरून खराखुरा जातो, चष्मा नसला तरी. आत्यानं पडद्यावरच्या जत्रेकडे बराच वेळ बघितलं आणि माझ्या कानात म्हणाली, "धूळ कुटं हाय?" मी म्हटलं, "काय?" ती म्हणाली, "जत्रा हाय न्हवं? मग धूळ कुटं हाय?"

तात्या वाई शोधत होते. ही त्यांची खोड. कुठलाही सिनेमा असो, मागे ढोल्या गणपतीचा कळस दिसतो का, एखादी ओळखीची म्हैस जाते का, हे ते बघणार. एकदा एका इंग्रजी सिनेमातल्या हिमयुगात त्यांनी वाईचा डोंगर ओळखला होता. इथं त्यांना ओळखीचं काही सापडेना. जिथं मागे गर्दी दिसायची तिथं ते पुढे वाकत आणि गर्दीतल्या माणसांचं मूल्यमापन करत. "त्यो बग, पिवळा सदरा. हसतोय! पुढं बाहुला आणि मागं ह्यो हसतोय. जेवण लवकर दिलं असंल."

आणि मी काय शोधत होतो ते मला परतीच्या वाटेवर कळलं.

मध्येच एकदा पडद्यातून काहीतरी सूंऽऽ करून थेट नाकापाशी आलं. सगळा हॉल किंचाळला. आत्यानं हातानं ते झुरळासारखं उडवलं. तात्यांनी डोकं खाली घातलं ते पुढच्या खुर्चीवर आपटलं, दोन्ही चष्मे खाली पडले. अंधारात चाचपून त्यांनी आपला चष्मा तेवढा उचलला आणि लावला. पडद्याकडे बघितलं. थ्रीडीचा चष्मा नसला की पडद्यावरचं सगळं जोडीनं दिसतं, हे तात्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हां! दोन-दोन बाहुलं हायत. आत्ता कळलं, झपाटलेला दोन!"

त्या वाक्याला जेवढा हशा पडला तेवढा त्या दिवशी पडद्यावरच्या कुठल्याही वाक्याला पडला नाही, हे मी सिनेमावर राग धरून सांगत नाही. सिनेमा वाईट नव्हता. मेहनत दिसत होती. बाहुला तोच होता, आवाज प्रभावळकरांचाच होता, पोलिसातले महेश जाधव होते, पैसा तर पाण्यासारखा, नव्हे, थ्रीडीत पाणी जसं अंगावर येतं तसा ओतलेला होता. आणि माझ्या नऊ वर्षांच्या मुलीनं मध्यंतराला दिवे लागल्यावर काळा चष्मा कपाळावर सरकवून अगदी निरागसपणे विचारलं, "आत्याआजी, तू ह्याला भ्यायचीस?"

आत्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. तीस पायल्या जोंधळा एकटीनं पाखडणाऱ्या बाईला कुणीतरी सुपाचं वजन विचारावं, तसा. ती काही बोलली नाही. शेंगदाण्याची टरफलं पिशवीत भरत राहिली.

मध्यंतरात माझं डोकं भलतीकडे गेलं. अद्भुतावर पैसा ओतायचा हा रोग जुनाच आहे. आपल्याकडे सिनेमा जन्मला तोच अद्भुताच्या पोटी. दादासाहेब फाळक्यांनी १९१७ साली 'लंकादहन' काढला, त्यात राम आणि सीता ही दोन्ही कामं एकट्या अण्णा साळुंक्यांची. हे साळुंके त्याआधी एका उपाहारगृहात आचारी होते. (विराटाघरचा आचारी आणि बृहन्नडा एकाच देहात! वाईचा याच्याशी काही संबंध नाही, पण असायला हवा होता.) पडद्यावर राम आला की लोक पायातल्या वहाणा काढून हात जोडायचे, असं सांगतात. सीता तोच माणूस आहे, दंड जरा जास्तच भरलेत, हे कुणाला दिसलं नसेल? दिसलंच असेल. पण वहाणा काढल्या. पुढे त्याच कथेतला पुढचा प्रसंग, 'सेतुबंधन'. थोडक्यात, दुसरा भाग. फाळके हंपीपर्यंत गेले, रत्नागिरीला गेले, मद्रासला गेले. पैसे संपले. काम वर्षभर थांबलं. दोन वर्षांनी मूकपट तयार झाला तोवर 'आलम आरा' बोलून मोकळी झाली होती. लोकांना आता राम ऐकायचा होता. मग आणखी चाळीस हजार घालून 'सेतुबंधन'च्या तोंडात हिंदी बोल घातले. पुढे कोल्हापूर सिनेटोननं त्यांच्याकडून 'गंगावतरण' करून घेतला. दोन वर्षं आणि अडीच लाख रुपये लागले. १९३७ चे अडीच लाख! गंगा स्वर्गातून उतरली, गल्ल्यापर्यंत काही ती आली नाही.

पुढे कळलेली गंमत अशी, की त्याच १९३७ साली तिकडे इंग्लंडात 'द हॉबिट' नावाचं लहान मुलांचं एक पुस्तक निघालं. आटोपशीर, एका बैठकीत नाही तरी दोन-तीन बैठकांत संपणारं. त्याचे आपल्या काळात तीन सिनेमे केले, एकूण जवळजवळ आठ तासांचे. माझ्या पुतण्यानं ते मला बळंच दाखवले. त्याच दिग्दर्शकाचे आधीचे तीन सिनेमे बघून मी खरोखरच दिपून गेलो होतो. ह्या तिघांत ड्रॅगन मोठा होता, सोन्याच्या राशी होत्या, लढाया होत्या आणि सहाव्या तासाला मला वाठारच्या फलाटावर पॅसेंजरची वाट बघत बसल्यासारखं वाटू लागलं. एका शेंगदाण्यात तीन वाट्या चटणी होत नाही, हे आमच्या आईला मिक्सर यायच्या आधीपासून माहीत होतं.

भाग काढायला आमची ना नाही. आमच्या वाईनंही काढलेत. मराठी विश्वकोश इथंच तयार झाला. पहिला खंड १९७६ चा आणि विसावा २०१५ चा. एकोणचाळीस वर्षांत वीस भाग! नायक नाही, खलनायक नाही, गाणी नाहीत, तरी 'पहिल्या भागाची मजा दुसऱ्यात नाही' अशी तक्रार कुणी केलेली मी ऐकली नाही. अर्थात त्यासाठी पहिला वाचावा लागतो.

मध्यंतरानंतर मी सिनेमा बघणं सोडलं आणि आमच्या रांगेकडे बघत बसलो. आत्या ताठ बसली होती. दर पाच मिनिटांनी ती मुलीकडे चोरून बघत होती, पोर भितेय का. पोर भीत नव्हती. बाहुला अंगावर आला की ती हात पुढे करून त्याला पकडायला बघत होती. तात्यांनी आता चष्म्यावर चष्मा लावायचा नाद सोडून दिला होता. डोळे मिटून, हात छातीवर बांधून ते नुसते ऐकत होते, रेडिओवर नाटक ऐकावं तसे.

परतीच्या गाडीत खंबाटकीचा घाट चढताना तात्यांनी निकाल दिला. मी त्यांना विचारलंही नव्हतं. पावसानं काच धूसर झालेली, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत होती.

"बाहुला झकास हाय," तात्या म्हणाले. "काय बी कमी न्हाय त्याच्यात. पर त्याला भ्यायला मानूसच न्हाय."

"म्हणजे?"

"आरं, पहिल्याला बाहुला बगून आपुन कुटं भ्यायलो? लक्ष्या भ्यायचा, त्ये बगून भ्यायलो. त्येची ती बोबडी, त्ये डोळं, त्यो कुणाला तरी सांगाय जायचा आन् त्येच्यावर कुणाचा इस्वास बसायचा न्हाय... बाहुला तर लाकडाचा. त्येला जित्ता केला लक्ष्यानं. रिॲक्शन!"

गाडीतले दोन-चार अनोळखी लोकही मान वळवून ऐकायला लागले. तात्यांनी आवाज चढवला. "मी सांगतो की. आमी बांबूला भेतो तवा त्यो राक्षस हुतोय. न्हाईतर बांबूच. आता ह्यांनी काय केलं, बांबू सोन्याचा केला. आन् भ्यायला उभा केला त्यो..." इथं त्यांना पिवळा सदरा आठवला आणि त्यांनी पुढचं वाक्य शिवीत संपवलं. लहान पोर गाडीत आहे हे लक्षात आल्यावर त्यांनी तिकिटाच्या पंचसारखा आवाज काढून ती शिवी खोडली.

लक्ष्मीकांत बेर्डे २००४ च्या डिसेंबरात गेले. दुसऱ्या भागात लक्ष्याचा मुलगा आहे, गोष्ट तशी बेतलेली आहे, आणि त्यात त्या नव्या पोराचा काय दोष? तोही धावतो, ओरडतो, घाम पुसतो. मध्यंतरापर्यंत मी शोधत होतो ते हे होतं. पडद्यात, पडद्याबाहेर, नाकापाशी येऊन गेलेल्या प्रत्येक वस्तूत मी लक्ष्याचा तो भ्यालेला चेहरा शोधत होतो आणि तो कुठल्याच मितीत नव्हता. त्याला पर्याय काढायला अडीच लाख चालले नसते, अडीच कोटी चालले नसते. सुरूर फाटा येईपर्यंत गाडीत मग कुणी फार बोललं नाही. फक्त मागच्या बाकावरच्या एका म्हातारबाबांनी तात्यांना विचारलं, "तुमी पिच्चरमदी असता व्हय?" तात्या म्हणाले, "असतो." ते इतक्या सहज म्हणाले की मलाही खरं वाटलं.

घरी पोचलो तेव्हा अकरा वाजले होते आणि आळीत वीज गेलेली. मृग वेळेवर आला होता. पत्र्यांवर पाऊस, नदीचा बारीक आवाज, स्वयंपाकघरात मिणमिणती चिमणी. आईनं पिठलं-भात केला होता. जेवताना मुलीनं पुन्हा तोच विषय काढला. तिला आमची फजिती फार आवडली होती. "आत्याआजी, एवढुसा तर होता! मी तर उचलून घरी आणला असता."

आत्यानं ताटातला हात झटकला. बघितलं माझ्याकडे, मग आईकडे, मग वर, माळ्याकडे.

"उचलायचा हाय?" ती म्हणाली. "जा. शिडी लाव. वर ट्रंक हाय. तिच्यावर पाटा हाय, त्यो तुझा बा काढंल. आत झबल्यात गुंडाळलेली हाय. घिऊन ये खाली."

"काय आहे?"

"जा तर खरं."

आई म्हणाली, "अहो वन्सं, रात्रीचं कशाला..." आत्यानं तिला हातानं गप्प केलं. मी शिडी लावली. मुलगी बॅटरी घेऊन ऐटीत पुढे झाली. पहिली पायरी चढली, दुसरी चढली. तिसऱ्या पायरीवर तिचं डोकं माळ्याच्या फळीच्या वर गेलं आणि तिनं बॅटरी आत मारली. खालून मला ट्रंकेची कडी दिसत होती, गंजलेली, आणि तिच्यावर पाटा, ज्याच्या टाक्यांत वीस वर्षांची धूळ बसून तो एखाद्या थडग्यासारखा झाला होता. आत्या खालून काही बोलत नव्हती. ती फक्त बघत होती. चिमणीच्या उजेडात तिचे डोळे हळूहळू मोठे होत गेले, तोंड थोडं उघडलं, पदराचा शेव तिनं दातांत धरला. हे मी आधी कुठंतरी पाहिलं होतं.

मुलीनं खाली वळून आत्याकडे बघितलं. आत्याचा चेहरा बघितला. मग पुन्हा ट्रंकेकडे.

वर काहीतरी खुडबुडलं. उंदीर असणार. पावसाळ्यात ते वरच येतात.

"आजी," मुलगी म्हणाली, आणि तिचा आवाज जरा बारीक झाला होता, "उद्या सकाळी बघितलं तर चालेल?"

आत्यानं तोंडातला पदर काढला. ताटाशी बसली. पिठल्यावर तेलाची धार घेतली.

"चालंल की," ती म्हणाली. "वीस वरसं थांबलीया. एक रात अजून."